सेल्फ मारला की नुसतं ‘टक’? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बॉनेटखालून ‘टक’ आलं आणि पुढे काहीच नाही. बहुतेकांचा पहिला फोन बॅटरीवाल्याला जातो. नवी बॅटरी बसते, चार दिवस गाडी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक’. दोष बॅटरीत नव्हताच. ती बदलताना टर्मिनल हललं आणि तेवढ्यापुरता जोड लागला होता.

म्हणून आधी आवाज ऐका. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येत असेल तर सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरने, करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा एखादा जोड खराब आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आणि मग शांतता, तर संशय सेल्फवर: सॉलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले, मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजलेले किंवा तो फिरता भाग, आर्मेचर, अडकलेला. इथेही जाड केबलचा जोड तपासल्याशिवाय सेल्फ उतरवायचा नाही. डॅशबोर्डजवळून हलकी ‘टिक’ आली तर तो बहुधा रिले (चावी फिरवल्यावर करंट जोडणारा छोटा स्विच). करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

‘हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली’ हा हमखास फसवणारा तर्क. हॉर्नला जेमतेम काही अँपिअर लागतात, सेल्फला लहान पेट्रोल गाडीतही शंभरच्या वर. डिझेलला आणखी जास्त. व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरचंही तसंच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर धरा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज होऊनही पडत असेल तर ती संपलीय, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन जाम असून जास्त करंट खेचतंय. ‘टक’ येऊनही आकडा १२ च्या वरच राहिला तर बॅटरी निर्दोष आहे. करंट पुढे जातच नाही. जोड, केबल किंवा सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघा.

आता जोड. टर्मिनल बाहेरून चकचकीत दिसतं म्हणून सोडून देणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बॅटरीच्या खांबावर आवळलेली वायरची पकड हाताने पिळून बघा. जराही फिरली तर ती ढिली आहे. काढून आत पाहिलं की खांबाभोवती काळपट कडं दिसतं. तेच करंट अडवतं. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. काढताना आधी काळी (निगेटिव्ह), लावताना ती शेवटी. उलट केलंत आणि लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. पांढरा-निळसर थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने धुवा. सेलची झाकणं घट्ट हवीत, आत सोडा जाता कामा नये. कोरडं करून खांब आणि पकडीची आतली बाजू पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी लावू नका. ढिल्या पकडीत पत्र्याची पट्टी कोंबायचा जुगाड पावसाळाभरही टिकत नाही.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीशी जोडणारी पट्टी गंजते किंवा क्लचचं काम झाल्यावर तिचा बोल्ट ढिला राहतो. तपासणी दोन मिनिटांची: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. गाडी चालू झाली तर चोर सापडला. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन यांच्यात ०.२ व्होल्टच्या आसपास, आणि पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यात ०.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त म्हणजे वाटेत अडथळा.

जंपस्टार्टचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर गाडी चालू करण्याचा, क्रम: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा. स्वस्तातल्या केबलवर रबर जाड आणि तांबं नावाला असतं. तिने ‘टक’ची ‘टकटक’ होते फक्त.

गाडी चालू झाली की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) तपासायला बॅटरीची वायर काढून बघायची, ही जुनी सवय आता सोडा. व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. मीटर लावा, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं.

सेल्फला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली तर ब्रश किंवा कॉन्टॅक्ट गेलेत. ठोकणं घरी पोचण्यापुरतं. पण पूर्ण नवा सेल्फही लगेच घेऊ नका. चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन बऱ्याच गाड्यांत एवढेच भाग बदलून देतो.

आणि गाडी तुंबलेल्या पाण्यातून आली असेल आणि एकच ‘ठक’ करून अडकली असेल, तर दुसऱ्यांदा चावी फिरवूच नका, धक्काही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर आल्यावरच सेल्फ मारायचा.