थंडीतली बटेर पिल्ले : खाद्य चाळल्याशिवाय देऊ नका

पौष लागला की निफाड, जळगाव, परभणीकडे पहाटेचा पारा 10 अंशांखाली जातो आणि नेमके याच दिवसांत मागणी बघून लोक बटेराची (पाळीव लावा पक्ष्याची) पिल्ले आणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मर सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, औषध कोणते देऊ? औषध नकोच असते. अशी बहुतेक पिल्ले उपाशी मेलेली असतात, तीही भरलेल्या ताटलीसमोर.

मेलेले पिल्लू हातात घेऊन बघा. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागते, गळ्याखालची पिशवी रिकामी असते. अंड्यातून निघालेले बटेर 8 ते 10 ग्रॅमचे, ब्रॉयलरचे म्हणजे मांसाच्या कोंबडीचे पिल्लू 40 ग्रॅमच्या आसपासचे. ब्रॉयलरसाठी केलेल्या क्रंबलचा, म्हणजे तयार दाणेदार खाद्याचा, दाणा या चोचीत मावत नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस तगून जाते, म्हणून सगळे ठीक वाटते. बलक संपला की एकदम मर लागते. दुकानदार म्हणतो रोग आला आणि बाटली हातात ठेवतो.

म्हणून पिल्ले आणण्याच्या आदल्या दिवशीच हे करा. ब्रॉयलर प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचे) क्रंबल मिक्सरला किंवा जात्यावर भरडा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहील ते पुन्हा भरडा. दाणा बारीक रव्याएवढा, 1 मिलिमीटरच्या आत हवा. मात्र पीठ करू नका, पीठ चोचीला चिकटून बसते आणि पिल्लू खाणे सोडते. भरडताना झालेली पावडर वेगळी काढून मोठ्या पक्ष्यांना ओलवून घाला, वाया जात नाही.

आता खर्चाचे. शंभर पिल्लांना पहिल्या आठवड्यात अडीच-तीन किलो खाद्य पुरते. एवढ्याशा खाद्यात मका मिसळून बचत करायला जाऊ नका. शिफारशीत पहिल्या तीन आठवड्यांना 24 ते 27 टक्के प्रथिने सांगतात. प्री-स्टार्टरमध्ये 22-23 टक्के असतात, मक्यात जेमतेम 9. निम्मा मका घातला की मिश्रण 15-16 वर येते, मग पिल्ले वाढत नाहीत, पिसे धरत नाहीत आणि थंडीत तीच आधी जातात. त्यापेक्षा 9 किलो क्रंबलला 1 किलो सोयाबीन पेंड बारीक करून मिसळा, प्रथिने 24-25 टक्क्यांवर जातात. बटेरासाठीचे खास महागडे खाद्य शोधत फिरायची गरज नाही.

पेंड कारखान्यातलीच घ्या. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालणारे मी बघितले आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेयर खाद्यही नको. त्यात प्रथिने कमी आणि चुना इतका जास्त की पिल्लांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड किंवा मका कितीही स्वस्त मिळो, गोठ्याच्या दारातूनच परत पाठवा.

तडकलेली, विकता न येणारी अंडी असतील तर कडक उकडून, किसून पहिले तीन दिवस चिमूटभर द्या. दोन तासांत उरलेले उचला. वाळवीचे वारूळ जवळ असेल तर थोडी वाळवी टाकून बघा. हलणारे भक्ष्य दिसले की मरगळलेली पिल्लेही चोच मारायला लागतात आणि मग शेजारच्या चाळलेल्या खाद्याकडे वळतात असा माझा अनुभव आहे, शास्त्राचा आधार मी देऊ शकत नाही. खारवलेली मासळी कुटून घालू नका, मीठ बाधते.

लिव्हर टॉनिक, ताकदीची पावडर, पाण्यातले प्रतिजैविक, यातले काहीही पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय विकत घेऊ नका. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर 2019 पासून, ज्यांचे मांस-अंडी-दूध माणूस खातो अशा पशुपक्ष्यांसाठी बंदी आहे, तरी कोणी देऊ केले तर घेऊ नका. त्या पैशात पेंडही येते आणि चाळणही.

थंडीचा आणि खाण्याचा संबंध लक्षात घ्या. गारठलेले पिल्लू ताटलीपर्यंत जातच नाही, घोळक्यात दबून मरते. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, जुना पिवळा बल्ब किंवा हीटर लागतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35 अंश, नंतर दर आठवड्याला 3 अंश कमी. ताटली उबेच्या कडेला ठेवा, कोपऱ्यातल्या गारठ्यात नको. रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या बारदानात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्या विषारी वायूने सगळीच जातील.

बाकीची नेहमीची कामे :

- तुसावर पहिले तीन-चार दिवस बारदान अंथरा. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात.
- पाण्याच्या बशीत गारगोट्या टाका, नाहीतर पिल्ले बुडतात.
- पाणी कोमट, दिवसातून तीनदा बदला.
- आल्यावर पहिले काही तास लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम गूळ.
- पहिला आठवडा रात्रभर उजेड.
- दर तीन तासांनी थोडे थोडे खाद्य, ताटली भरून ठेवू नका.

रात्री झोपण्याआधी दहा पिल्ले उचलून गळ्याखालची पिशवी चाचपा. मऊ, भरलेली लागली तर ठीक. रिकाम्या दोन जरी निघाल्या तरी आधी ताटलीतला दाणा बघा, मग ऊब बघा, बाकी सगळे नंतर.

तिसरा आठवडा लागल्यावर न भरडलेला क्रंबल सुरू करता येतो, पण चार दिवस निम्मा चाळलेला, निम्मा तसाच असा द्या. ताटलीत मोठे दाणे मागे उरत असतील तर आणखी काही दिवस चाळून द्या.