सिंथ गढूळ का वाजतो? पेडल आणि एन्व्हलपच्या या चुका टाळा

"सर, टोनच खराब आहे, सगळं एकमेकांत मिसळतंय," अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी त्याच्या पायाकडे बघतो. टोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पाय मात्र सस्टेन पेडलवर ठाण मांडून बसलेला असतो.

पेडल नेमकं काय करतं ते आधी समजून घ्या. स्वराचा आवाज कसा चढतो, टिकतो आणि विरतो त्या आराखड्याला एन्व्हलप म्हणतात. त्याचे चार भाग. ॲटॅक म्हणजे आवाज शून्यातून शिखरावर पोचायचा वेळ. डिके म्हणजे शिखरावरून खाली यायचा वेळ. सस्टेन म्हणजे की दाबलेली असेपर्यंत आवाज ज्या पातळीवर टिकतो ती पातळी. रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर आवाज विरायचा वेळ. पेडल यातल्या कशालाच हात लावत नाही. तुम्ही बोट उचललंत ही खबर ते अडवून धरतं, बस्स. पाय वर गेला की अडवलेल्या सगळ्या स्वरांचा रिलीज एकदम सुरू होतो.

पियानोची सवय स्ट्रिंग्जवर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पियानोच्या टोनमध्ये सस्टेनची पातळी जवळपास शून्य असते, म्हणून पेडल दाबून ठेवलं तरी स्वर आपोआप मरतो आणि चूक झाकली जाते. स्ट्रिंग्ज, पॅड (मागे लांबवत धरायचा मऊ टोन), ऑर्गन यांची पातळी वर असते. तिथे पाय खाली असेपर्यंत स्वर मरतच नाही. सी मेजर धरून एफ मेजरवर गेलात की आधीचा ई आणि नवा एफ शेजारी शेजारी थरथरत राहतात, जीचं ए शी भांडण वेगळंच. चार कॉर्ड झाल्या की गायकाला सूर सापडत नाही, आणि मग इक्वलायझरशी खेळ सुरू होतो.

मी पॅडवर पेडल वापरतच नाही. रिलीज साधारण ॲटॅकइतका ठेवतो: नवी कॉर्ड अर्ध्या सेकंदात वर येत असेल तर जुनी अर्ध्या सेकंदात खाली जाऊ दे. सांधा आपोआप जुळतो. पियानोवर मात्र पाय हवाच, पण तो नवी कॉर्ड दाबल्यावर उचलायचा आणि लगेच परत ठेवायचा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो द्यायचा नसेल तर पेडल पेटीतच राहू द्या. हार्मोनियमवरून आलेल्यांना तर माझं हेच सांगणं असतं: आधी महिनाभर पेडलशिवाय वाजवा. स्वर जोडायची कला तुमच्या बोटांत आहेच, ती पायाला कशाला विकता?

सुरू करताना पेडलवर पाय

एका सोसायटीच्या कोजागिरीला भावगीतं चालली होती. मध्येच लाइट गेली, जनरेटर लागला, कीबोर्ड परत चालू झाला आणि पहिल्याच कॉर्डपासून सगळे स्वर लटकायला लागले. वादकाने मंचावरूनच साउंडवाल्याला झापलं, "रिव्हर्ब बंद कर!" बिचाऱ्याने रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, बंद केला, मग मॉनिटर, मग केबल बदलली. गायिका मसाला दूध पीत उभी. मी पुढच्या रांगेतून उठून गेलो, तेव्हा वादक वैतागून पेडल दाबत होता आणि दाबलं की आवाज तुटत होता! उलटं चाललं होतं सगळं. लाइट आली तेव्हा महाशयांचा पाय पेडलवर होता.

बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची स्थिती वाचतात आणि ती 'पाय नाही' अशी धरतात. बंद करा, पाय बाजूला घ्या, परत चालू करा. तिथेही तेवढंच केलं. पाय लांब असूनही उलटंच वागत असेल तर पोलॅरिटी बघा: यामाहाचं आणि रोलँडचं पेडल एकमेकांच्या उलट जोडणीचं असतं. काही पेडलच्या तळाशी त्यासाठी छोटी कळ असते. ती न बघताच "पेडल डिफेक्टिव्ह आहे" म्हणून परत करणारे कमी नाहीत.

बाकीच्या, झटपट

ॲटॅक आणि रिलीज पूर्ण शून्यावर नेलात तर 'टक' ऐकू येतं, विशेषतः बेसमध्ये. दोन-पाच मिलिसेकंद द्या.

रिव्हर्ब, लांब रिलीज आणि पेडल, तिन्ही एकदम नको. दोष शोधताना आधी पाय काढा, मग रिलीज कमी करा, शेवटी रिव्हर्ब बंद करा.

मधूनच बेस गायब होतोय? सिंथ एका वेळी जितके आवाज वाजवू शकतो ती संख्या संपली. रोलँडच्या १९८४ च्या जुनो-१०६ या सिंथमध्ये एका वेळी फक्त सहा आवाज, यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ मध्ये सोळा. पेडल धरून ठेवलं की नवा स्वर जुन्याचा गळा दाबतो. आजच्या कीबोर्डमध्ये आकडा मोठा असला तरी दोन-तीन थरांचा टोन तो भराभर खातो.

जुनो-१०६ वर रिलीज फिरवूनही फरक पडत नसेल तर व्हीसीएचा (आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या भागाचा) खटका 'गेट'वर आहे. 'एन्व्हलप'वर आणा. मॅन्युअल उघडायचा कंटाळा करणाऱ्यांची या एका खटक्यापायी अख्खी संध्याकाळ जाते.

अर्धं पेडल दाबून अर्धा परिणाम मिळत नाही. साधं पेडल म्हणजे स्विच. मिडीत (वाद्यं आणि संगणक एकमेकांना संदेश पाठवतात त्या भाषेत) ते कंट्रोलर ६४ असतं आणि बहुतेक ठिकाणी ६३ पर्यंत बंद, ६४ पासून चालू.

मिडी रेकॉर्डिंग मध्येच थांबवून तुकडा कापलात आणि पाय उचलल्याची नोंद कापली गेली, तर स्वर अडकून बसतो. 'ऑल नोट्स ऑफ' (सगळे स्वर बंद) म्हणजे कंट्रोलर १२३ पाठवून उपयोग होत नाही, कारण पेडल खाली आहे असं समजून सिंथ तो स्वर धरूनच ठेवतो. तुकड्याच्या शेवटी ६४ ला शून्य टाका. आणि कापण्याआधी एकदा पेडलची रेघ उघडून बघा, ती लपवलेली असते म्हणून कुणी बघत नाही.