वाडा पाडून पाया खणताय? खापरं फेकायच्या आधी हे बघा

पुण्यात पेठेतला जुना वाडा पाडला की जेसीबी पायासाठी खाली उतरतो आणि मातीबरोबर खापरं, बांगड्यांच्या काचा, कौलांचे तुकडे, एखादी चिलीम असं कायकाय वर येतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं डंपरमधून गेलेलं पण असतं. सोन्याचा हंडा निघाला तरच लोक थांबतात. पण त्या पेठेत लोक काय खायचे, कशात शिजवायचे हे कळतं ते खापरांवरूनच.

आधी एक क्लिअर करतो, स्वतः कुदळ घेऊन उत्खनन करायला जाऊ नका, ते परवाना काढून जाणकारांनी करायचं काम आहे. तुम्ही फक्त खोदकाम चालूच आहे तिथे नोंद ठेवायची.

सगळ्यात महत्त्वाची असते खड्ड्याची उभी कापलेली भिंत. जेसीबी थांबलेला असताना, मुकादमाला विचारून, काठापासून लांब उभं राहून समोरून फोटो काढा, शेजारी टेप दिसू द्या. नीट बघितलं तर पट्टे दिसतात, वर डबर, मग विटांचा चुरा, चुना, राखेची काळपट रेघ, आणि शेवटी मुरूम. हात न लागलेला मुरूम आला की खाली माणसाचं काही मिळत नाही. नदीजवळच्या पेठेत बारीक गाळाचा थर दिसला तर 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आठवा, पण लगेच छातीठोक सांगू नका, पूर आधीही आलेत. आणि मधेच जुना आड किंवा शोषखड्डा असेल तर खालचं-वरचं सगळं मिसळलेलं असतं, तो भाग वेगळा लिहा.

वस्तू उचलायच्या आधी जागेवरच फोटो, शेजारी शाळेतली पट्टी. रस्त्याच्या लेव्हलपासून किती खाली ते लिहा. झिपच्या पिशवीत घाला, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनाची शाई ओलीने पसरते.

नाणं मिळालं तर प्लीज चिंच-मीठ लावून घासू नका!! अक्षरं जातात हो. 'श्री राजा शिव' वाचून लगेच शिवकाळ पण ठरवू नका, शिवराया, म्हणजे ही तांब्याची नाणी, शिवाजी महाराजांनंतरही कितीतरी वर्षं पाडल्या जायच्या आणि वापरात तर त्याहून जास्त टिकल्या. म्हणजे नाण्यावरून एवढंच कळतं की तो थर नाण्याच्या आधीचा नाही.

हाडं माणसाची वाटली तर हात लावू नका, काम थांबवून पोलिसांना फोन.

कायद्याचं म्हणाल तर 1878 च्या निखात निधी कायद्यात जमिनीत दडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर कलेक्टरला द्यावी लागते, आणि 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची वस्तू आली की ती पुरावस्तू धरली जाते, त्यामुळे ओएलएक्सवर टाकायचं डोक्यातनं काढा. खापरांसाठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात विचारा, जाताना पिशवीबरोबर त्या भिंतीचे फोटो न्या, नुसतं खापर टेबलावर ठेवलंत तर पहिला प्रश्न हाच येणार की कुठल्या थरातलं.