सेटवरचा मॉनिटर लावताना: आधी पॉवर, मग सिग्नल

सेटवर मॉनिटरचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा जोडताना किंवा काढताना. आणि गंमत अशी की मॉनिटर शाबूत राहतो, जळतं ते कॅमेऱ्याचं एसडीआय (एकाच केबलने चित्र आणि आवाज पाठवणारं) आउटपुट. म्हणून खाली चित्राइतकंच वायरींविषयी लिहिलं आहे. मांडणी नेहमीची धरली आहे: दिग्दर्शकासाठी १७ किंवा २४ इंची मॉनिटर, कॅमेऱ्याकडून एसडीआयने येणारं चित्र आणि आवाज, वीज जनरेटरची किंवा बॅटरीची.

स्टँड आणि जागा

मॉनिटर पाठीमागच्या चार भोकांवर बसतो. भोकांमधलं अंतर मोठ्या मॉनिटरला बहुधा १०० मिलिमीटर, लहानाला ७५, आणि स्क्रू एम-४ मापाचे. स्टँडची पट्टी ३-४ मिलिमीटर जाडीची असेल तर १० ते १२ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून २५ मिलिमीटरचे स्क्रू आणले आणि 'अजून फिरतोय' म्हणून फिरवत राहिलं, की टोक थेट आतल्या बोर्डावर टेकतं. स्क्रू आधी हाताने फिरवा, अडला की थांबा, शेवटचा पाव फेरा फक्त पान्याने.

सी-स्टँडचा (याचे तीन पाय वेगवेगळ्या उंचीचे असतात) सर्वांत उंच पाय वजनाच्या बाजूला ठेवा आणि सँडबॅग त्याच पायावर टाका. बॅग जमिनीवर अर्धी लोळत असेल तर तिचं वजन स्टँडला मिळत नाही. हूड (उजेड अडवणारी झापड) लावलेला मॉनिटर वाऱ्यात शिडासारखा वागतो, त्यामुळे बाहेरच्या शूटला दोन बॅगा.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. एचडी चित्रासाठी अंतर चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट ठेवतात. २४ इंची पडद्यावर चित्राची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे ९० सेंटिमीटर ते १ मीटर. प्रत्यक्षात मागे चार जण उभे राहून बघणार, हे धरूनच चला. पण रंग आणि उजेडाचा निर्णय घेणारा माणूस मधोमध बसला पाहिजे. बऱ्याच एलसीडी पॅनलवर बाजूने पाहिलं की काळा रंग राखाडी दिसतो.

बोर्डात पिन घालण्याआधी

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्या. आपल्या थ्री-पिन सॉकेटकडे समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २२० ते २४० व्होल्ट दिसायला हवेत. फेज ते अर्थ जवळपास तितकेच. न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये १०० च्या आसपास किंवा सतत हलणारा आकडा दिसला तर अर्थिंग तुटलेलं आहे किंवा जनरेटरला अर्थचा रॉड मारलेलाच नाही. लाइटमनला सांगा, दुरुस्त होईपर्यंत बॅटरीवर काम करा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असला तर उत्तम. नसेल तर मागून घ्या.

जनरेटरच्या तिन्ही फेजवर लोड असताना मुख्य न्यूट्रल सुटला, तर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. मॉनिटरच्या अॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं असतं. तो थोडं जास्त सोसतो, एवढं नाही. जनरेटर सुरू होताना आणि लाइटवाल्यांची वायर बदलताना मॉनिटरची पिन बाहेर हवी.

कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही विजेवर चालत असतील तर एकाच बोर्डावरून घ्या. एक या फेजवर, दुसरा त्या फेजवर असेल तर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टचा फरक असतो. एसडीआय केबलची बाहेरची जाळी दोन्ही यंत्रांच्या सांगाड्यांना जोडते. एका बाजूचा अर्थ तुटलेला असताना तिथे गळती झाली, तर करंट त्याच जाळीतून वाट काढतो. मॉनिटरच्या धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखं लागलं तर काम थांबवा आणि आधी पिन काढा.

स्पीकरमध्ये घूं असा ५० हर्ट्झचा आवाज आला की थ्री-पिनची वरची पिन कापून टाकायची, हा आपल्याकडचा जुना इलाज. आवाज जातो आणि त्याबरोबर जीव वाचवणारी एकमेव वायरही जाते. घूं घालवायची असेल तर सगळी यंत्रं एका बोर्डावर आणा. तरी राहिली तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

बॅटरी आणि तिची वायर

व्ही-माउंट (व्ही आकाराच्या खाचेत अडकवायच्या) बॅटरीवर १४.४ व्होल्ट लिहिलेलं असतं. पूर्ण भरल्यावर ती १६.८ व्होल्ट देते. मॉनिटरवर 'डीसी १२ व्होल्ट' एवढंच छापलं असेल तर माहितीपत्रकात वरची मर्यादा बघा. १७ व्होल्टपर्यंत चालणारा हवा. ७ इंची मॉनिटरच्या एनपी-एफ बॅटऱ्या ७.२ व्होल्टच्या, त्यांची वायर याला लावायची नाही.

किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. ९८ वॉट-तासांची बॅटरी, ३५ वॉटचा मॉनिटर, भागाकार २.८ तास. त्यातले अडीच तास धरा. लांब वायरचा हिशेब मात्र कुणी करत नाही. ६० वॉटचा २४ इंची मॉनिटर १४.४ व्होल्टवर सुमारे ४.२ अँपिअर ओढतो. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर टाकली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिच्यात जवळजवळ २ व्होल्ट गळून जातात. बॅटरी अर्धी उतरली की मॉनिटर आपोआप बंद-चालू होऊ लागतो आणि शिव्या बॅटरीला बसतात. बॅटरी मॉनिटरच्या पाठीलाच लावा. जमत नसेल तर वायर दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची घ्या.

मॉनिटरला बॅटरीची वीज देणाऱ्या चार पिनांच्या एक्सएलआर या गोल प्लगमध्ये १ नंबरची पिन वजा आणि ४ नंबरची अधिक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या कारागिराकडून बनवून आणलेली वायर मॉनिटरला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासलीच पाहिजे. उलटी जोडलेली असेल तर पहिल्याच स्पर्शात खेळ संपतो.

जोडणीचा क्रम

१. मॉनिटर आणि कॅमेरा दोन्हींचे स्विच बंद.
२. पॉवरची वायर आधी मॉनिटरमध्ये पूर्ण बसवा, मग दुसरं टोक बॅटरीत किंवा बोर्डात. कॅमेऱ्याचंही तसंच.
३. दोन्ही चालू करा.
४. आता एसडीआय केबल. बीएनसी (केबलच्या टोकाचा फिरवून अडकवायचा प्लग) आत ढकलून पाव फेरा फिरवा आणि हलकेच ओढून बघा.
५. काढताना उलट: आधी एसडीआय, मग स्विच, मग पॉवर.

कारण असं. डी-टॅपचा (बॅटरीवरच्या दोन टोकांच्या सॉकेटचा) प्लग तिरका शिरला की कधी कधी अधिकचं टोक आधी टेकतं आणि वजाचं अजून हवेतच असतं. एसडीआय आधीच जोडलेली असेल तर मॉनिटरला परतीची एकच वाट उरते: केबलची जाळी, तिथून कॅमेरा. सुरू होताना मॉनिटरचे कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतात आणि तो सगळा एसडीआयच्या चिपशेजारून जातो. चिप नाजूक असते. गडबडीत 'बॅटरी बदलतो, केबल राहू दे' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बॅटरी बदलायच्या आधी बीएनसी काढायला पाच सेकंद लागतात.

केबल ७५ ओहमची हवी. बाजारात ५० ओहमचे बीएनसी शेजारच्याच डब्यात असतात आणि बसतातही. सीसीटीव्हीची वायर आणि स्क्रूसारखा फिरवून बसवायचा कनेक्टर हेही टाळा. १०८०पी ५० फ्रेमचा सिग्नल सेकंदाला २.९७ गिगाबिटचा असतो, म्हणून त्याला ३जी म्हणतात. चांगल्या आरजी-६ जातीच्या केबलवर तो ७०-८० मीटर जातो. ४के चा १२जी सिग्नल त्याच केबलवर साधारण निम्मं अंतर कापतो. अंतर संपत आलं की आधी चित्रात पांढरे ठिपके चमकतात आणि मग चित्र एकदम जातं. ठिपके दिसले तेव्हाच केबल बदला. केबल मुठीएवढ्या गुंडाळीत दाबू नका. ७ मिलिमीटर जाडीच्या केबलला निदान ७ सेंटिमीटर त्रिज्येचा वळसा द्या. विजेच्या वायरी ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

चित्र बसवणं

मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मग हात लावा. मेनूत रंग ७०९ (एचडीचं प्रमाण), पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा), अंधाऱ्या जागेत गॅमा (मधल्या छटांची उजळता) २.४ आणि उजेड १०० निट (पडद्याच्या उजेडाचं एकक). बाहेर उन्हात १०० निटवर काही दिसणार नाही, तिथे ब्राइटनेस पूर्ण वाढवा. पण मग एक्स्पोजरसाठी चित्रावर भरवसा नको, वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) किंवा फॉल्स कलर (उजेडाप्रमाणे नकली रंग दाखवणारी सोय) लावा. मॉनिटरच्या मंडपाला काळं कापड दोन बाजूंनी तरी लावून घ्या. मागे निळी किंवा हिरवी ताडपत्री असेल तर तिचा रंग पडद्यावर उतरतो आणि कलाकारांचे चेहरे आजारी वाटू लागतात.

लॉग चित्र (रंग आणि उजेड दाबून रेकॉर्ड केलेलं) फिकट दिसतं म्हणून लट (एलयूटी, रंग बदलून दाखवणारा तक्ता) लावतात. तो एकाच ठिकाणी हवा, कॅमेऱ्याच्या आउटपुटवर किंवा मॉनिटरमध्ये. दोन्हीकडे लागला की सावल्या बुजतात, रंग भडकतात आणि कॅमेरामनला उगाच लाइट वाढवावा लागतो.

आता कलर बार, म्हणजे तपासणीच्या रंगीत पट्ट्या. कॅमेऱ्यात एसएमपीटीई (अमेरिकी पद्धतीचे) बार निवडा. साध्या ईबीयू (युरोपीय पद्धतीच्या) बारमध्ये खालच्या बारीक काळ्या पट्ट्या नसतात आणि त्यांच्याशिवाय ब्राइटनेस बसवता येत नाही. खाली उजवीकडच्या काळ्या भागात काळ्याहून काळी आणि काळ्याहून किंचित उजळ अशा पट्ट्या असतात. ब्राइटनेस वाढवून सगळ्या दिसू द्या. मग हळूहळू कमी करत न्या. काळ्याहून काळी पट्टी पार्श्वभूमीत विरली पाहिजे आणि सर्वांत उजळ पट्टी जेमतेम दिसत राहिली पाहिजे. तिथे थांबा. हे करताना पडद्यावर थेट उजेड नको.

किती फिरवलं तरी काळा राखाडीच राहतो किंवा उजळ पट्टीही गायब होते, तेव्हा दोष ब्राइटनेसचा नाही, रेंजचा आहे, म्हणजे काळ्या-पांढऱ्यासाठी कोणते आकडे धरले त्याचा. व्हिडिओ रेंजमध्ये १० बिटचे आकडे ६४ ते ९४० असतात, फुल रेंजमध्ये ती मर्यादा नसते. एचडीएमआयवर ही गल्लत फार होते. कॅमेरा आणि मॉनिटर दोन्हीकडे एकच निवड ठेवा.

रंगाची तीव्रता 'ब्लू ओन्ली' (फक्त निळा भाग दाखवणारं) बटण दाबून तपासतात. कडेच्या दोन निळ्या पट्ट्या त्यांच्याखालच्या छोट्या तुकड्यांशी एकजीव दिसायला हव्यात. एसडीआयवर ह्यू (रंगछटा, काही मॉनिटरवर याचंच नाव फेज) मधल्या खुणेवरच राहू द्या. डोळ्याला बरं वाटावं म्हणून कातडीच्या रंगावरून ह्यू फिरवणं हा मॉनिटर बिघडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आणि ओएलईडी पडदा असेल तर बार लावून जेवायला जाऊ नका, स्थिर चित्राचा डाग उमटतो.

आवाज

एसडीआयमधून १६ पर्यंत ऑडिओ चॅनल येऊ शकतात. मॉनिटर मात्र त्यातली एक जोडी ऐकवतो. आवाज नाही अशी ओरड झाली की आधी १-२ ऐवजी ३-४ तर निवडलेले नाहीत ना, ते बघा. साउंड रेकॉर्डिस्टकडून १ किलोहर्ट्झचा टोन मागवा आणि मॉनिटरच्या मीटरवर तो ठरलेल्या खुणेवर बसतो का पाहा. ही खूण उणे २० डेसिबल असते, युरोपीय पद्धतीत उणे १८. टोन येताना हेडफोन कानावर नको. आवाज शून्यावर ठेवून मग वाढवा.

मिक्सरची लाइन कॅमेऱ्याच्या माइक इनपुटमध्ये गेली की आवाज फाटतो. इनपुट लाइनवर करा आणि ४८ व्होल्टचा फँटम (माइकला दिली जाणारी वीज) बंद करा. मॉनिटरचा आतला स्पीकर 'आवाज येतोय' एवढं कळण्यापुरताच. चित्र वायरलेसने येत असेल तर ते थोडं उशिरा पोचतं, म्हणून हेडफोन त्या मॉनिटरमधूनच घ्या. थेट मिक्सरमधून घेतला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

काळा पडदा

केबल बदलून बघण्याआधी इनपुट बघा, मग फॉरमॅट. कॅमेरा ६जी किंवा १२जी पाठवतोय आणि मॉनिटर ३जीचा असेल तर तो 'नो सिग्नल' म्हणतो. ३जीमध्येही लेव्हल ए आणि बी असे दोन प्रकार आहेत आणि जुन्या मॉनिटरला त्यातला एकच कळतो. कॅमेऱ्याचं आउटपुट १०८० रेषा, २५ फ्रेमवर आणून बघा. चित्र आलं तर केबल तुटलेली नाही. लूप आउटवरून (आलेला सिग्नल पुढे देणाऱ्या सॉकेटवरून) पुढच्या मॉनिटरला चित्र दिलं असेल तर पहिला बंद झाल्यावर बऱ्याच मॉडेलांत दुसराही जातो. निर्मात्याचा मॉनिटर अशा साखळीच्या शेवटी लावू नका.

ऊन, पाऊस, पुसणं

बहुतेक मॉनिटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात विदर्भात ही मर्यादा सावलीतच ओलांडली जाते. मागच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, दुपारच्या सुट्टीत मॉनिटर बंद करा. पावसाळ्यात एसी गाडीतून थेट दमट हवेत आणलेल्या मॉनिटरच्या आत दव साचतं. पेटी बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या, मग उघडा आणि त्यानंतर पॉवर. प्लास्टिक वरून आणि बाजूंनी घाला, मागून हवा जाऊ द्या. वीज कडाडू लागली की लांब केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवा.

पडदा बंद आणि थंड असताना कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. डाग राहिला तर कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, पाणी पडद्यावर फवारू नका. काचेचा निळा स्प्रे आणि स्पिरिट, दोन्ही चकाकी रोखणारा थर खातात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दर काही आठवड्यांनी बदला.