पाणीकपातीत सोसायटीचं लॉन कसं जगवायचं

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतला साठा तळाला गेला की महापालिका कपात लावते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के होती. उठली २९ जुलैला. कागदावर १० टक्के असले तरी टेकडीवरच्या किंवा जलवाहिनीच्या टोकाच्या इमारतीत पाण्याचा दाब कमी पडल्यामुळे टाकी त्याहून रिकामी राहते. अशा वेळी पिण्याच्या पाण्याची नळी लॉनवर सोडणं बंदच करा. मे महिन्यात गवत हिरवं ठेवायचं नसतं, मुळं जगवायची असतात.

हिशोब असा. भर उन्हाळ्यात लॉन चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पितं. १०० चौरस मीटरला ५०० लिटर, पंधरवड्यात ७,००० हून जास्त. हरळीच्या जातीचं गवत मात्र तपकिरी पडून झोपी जातं, मरत नाही. त्याला पंधरवड्यातून एकदा चौरस मीटरला १० लिटर, म्हणजे एकूण १,००० लिटर पुरतं. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, माती जेमतेम फूटभर असते, तिथे दर आठवड्याला द्या. नळीतून किती पाणी येतं ते बादलीने मोजा: २० लिटरची बादली मिनिटात भरली तर १,००० लिटरला ५० मिनिटं. सकाळी सातच्या आत, थांबून थांबून घाला. एका दमात सोडलं तर ते गटारात जातं. नंतर मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसा. चार इंच सहज गेला तर पुरे.

हे १,००० लिटर आणायचे कुठून? दीड टनाचा एसी दमट हवेत तासाला लिटरभर पाणी टाकतो. आरओचं वाया जाणारं पाणीही चालतं; तलावाच्या पाण्यात क्षार कमी असतात. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, २,००० च्या वर गेलं की कुंड्यांतली पानं कडेने करपतात. पिंप झाकणबंद हवं, नाहीतर आठवड्याभरात डासांच्या अळ्या. आणि हे पाणी वरच्या टाकीच्या लाइनला कधीही जोडू नका, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नाही; व्हॉल्व्ह गळतात.

पाणी अपुरं पडलं तर आधी झाडं, विशेषतः गेल्या पावसाळ्यात लावलेली. लॉन पुन्हा पेरता येतं.

मशीनचं पातं अडीच इंचांवर ठेवा, फार खुरटं कापलं की माती तापते. युरिया पाऊस स्थिरावल्यावरच.