ऐन पेपरात आठवत नाही, त्यासाठी अभ्यास कसा करावा

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये परीक्षेच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: रात्री तोंडपाठ असलेले सूत्र वर्गात आठवले नाही आणि बाहेर टपरीवर चहा हातात घेताच आठवले. असे सूत्र विसरलेले नसते; ते बाहेर काढण्याची वाट तेवढ्यापुरती अडलेली असते, आणि ती अडवण्यात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा मोठा हात असतो.

ताण येताच ॲड्रेनालिन क्षणात उसळते, तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल सावकाश चढत साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोहोचते. शिकताना आलेला थोडा ताण मेंदूतील अमिग्डाला या भावनांशी निगडित भागामार्फत आठवण पक्की करतो. तेच कॉर्टिसॉल आठवण काढताना मात्र हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मरणाच्या भागाच्या कामात आडवे येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला शिकलेल्या उंदरांना चाचणीच्या ३० मिनिटे आधी विजेचा झटका दिला असता त्यांना जागा नीट आठवेना. २ मिनिटे किंवा ४ तास आधीच्या झटक्याने तसे झाले नाही.

म्हणून औसा-अहमदपूरकडून एस.टी.ने येणाऱ्यांनी एक गाडी आधीची धरावी, कारण फाटकापर्यंत धापा टाकत धावल्यास कॉर्टिसॉल नेमके प्रश्नपत्रिका हाती पडताना चढलेले असते. पालकांनीही त्या सकाळी फोनवर गुणांचा हिशेब मागू नये.

खरे काम मात्र महिनाभर आधीचे आहे. धडा पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी एकदा वाचून पुस्तक मिटावे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, उदाहरणार्थ, क्रेब्ज चक्र (पेशीत ऊर्जा मिळवून देणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी) न पाहता उतरवावे. त्यातल्या सक्सिनेट या टप्प्याच्या पुढे गाडी अडली, तरी लगेच पान उलटू नये. मिनिटभर डोके खाजवावे, मगच पुढचा टप्पा, फ्युमरेट, पाहून घ्यावा, आणि दोन दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा तेच करावे. हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, त्यामुळे मुले तो टाळतात. परंतु अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासात, नुसते वाचून शिकलेल्यांची आठवण ताणाखाली घसरली, तर आठवून आठवून शिकलेल्यांची टिकून राहिली.

रात्रीची झोप मोडू नये, कारण दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होते.

एवढे करूनही एखादे उत्तर अडलेच, तर त्याच्याशी झटापट करू नये. त्या प्रश्नावर खूण करावी, ज्यांची उत्तरे येतात ते प्रश्न आधी सोडवावेत आणि शेवटी तिकडे परत यावे.