गाडीवरचे बारीक चरे: धुताना कसे टाळावेत, पडलेले कसे काढावेत

संध्याकाळचं तिरपं ऊन गाडीवर असताना बोनेटकडे जरा वाकून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसेल. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगावर ते लगेच डोळ्यांत भरतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही ते असतंच, पण पटकन सापडत नाही. पार्किंगमध्ये ऊन येत नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून बघा. या रेघा खरं तर सगळ्या दिशांना पसरलेल्या असतात. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात, म्हणून त्या गोल वाटतात. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणारे, याला स्वर्ल मार्क्स म्हणतात.

हे चरे बहुतेक वेळा गाडी साफ करतानाच पडतात. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापनावर ७ आहे, साध्या पोलादी चाकूपेक्षाही जास्त. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडी असते. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लियर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो. गाडीची चमक सांभाळणारा थर त्याच्या निम्म्याच जाडीचा आहे.

चरा काढायचा म्हणजे आजूबाजूचा क्लियर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. घासलेला थर परत येत नाही. म्हणून चरे काढायच्या आधी ते पडणं थांबवा, नाहीतर दर वर्षी रबिंग (घासून पॉलिश) करत राहाल आणि रंग पातळ होत जाईल.

सकाळचं कोरडं फडकं

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सर्वांत जास्त चरे इथेच पडतात. गाड्या पुसणारे दादा पहाटे एक बादली आणि एकच फडकं घेऊन ओळीने गाड्या करत जातात. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि आधीच्या गाडीची माती तुमच्या गाडीवर घासली जाते. यात त्यांना दोष देऊ नये. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पाण्यात कुणीही तेच करेल. त्यांच्याशी सरळ बोला: महिन्याचे पैसे तेच राहतील, पण रोज पुसायचं नाही. रोज फक्त काचा आणि आरसे, आणि आठवड्यातून एकदा नळीच्या पाण्याने नीट धुणं. कापडं आणि शॅम्पू तुम्ही द्या. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

धूळ झटकायचे लांब दांड्याचे ब्रश आणि दुकानात मिळणारे डस्टरही याच जातीचे. गाडीवर धूळ दिसली तरी ती नुसती बसून राहिल्याने चरा पडत नाही, ओढल्यावर पडतो. मळलेल्या गाडीवर कव्हर घालणंही टाळा. वाऱ्याने कव्हर हलतं आणि खालची धूळ रंगावर घासत राहते. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर ‘वॉशिंग करू नये’ असं लिहून घ्या आणि तोंडीही सांगा.

दसऱ्याच्या पूजेचं वेगळं सांगतो, कारण पूजा आपण मनापासून करतो आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने सगळं पुसून टाकतो. हार दोऱ्याने बांधा. तारेने बांधलेला हार गाडी चालताना बोनेटवर आपटत राहतो आणि चांगला खोल चरा पडतो. हळद-कुंकू, गंध, अक्षता आधी पाण्याने वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर रेंगाळतो, म्हणून फार दिवस ठेवू नका.

धुण्याची रीत

गाडी सावलीत हवी आणि बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळतो आणि डाग पडतात. सामान मोजकं आहे: दोन बादल्या, गाडीचा न्यूट्रल पीएचचा शॅम्पू, मायक्रोफायबरचा किंवा मेंढीच्या लोकरीचा वॉश मिट (धुवायचा हातमोजा), पाणी टिपायला एक मोठा मायक्रोफायबर टॉवेल. चाकांसाठी तिसरी जुनी बादली आणि वेगळं कापड ठेवा. स्पंज नको, कारण त्याचा पृष्ठभाग सपाट असतो आणि वाळूचा कण त्याच्या आणि रंगाच्या मधे अडकून राहतो. मिटच्या लांब तंतूंत कण आत शिरतो. भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरली तर आधी लावलेलं वॅक्स उतरतं.

सुरुवात चाकांपासून करा. तिथे ब्रेकच्या पॅडची काळी, लोखंडाचे कण असलेली भुकटी असते. ती नंतर धुतली तर स्वच्छ पत्र्यावर उडते.

मग गाडीला हात न लावता भरपूर पाणी मारा. अख्ख्या धुण्यातली सर्वांत मोलाची पायरी हीच, आणि घाईत नेमकी हीच वगळली जाते. प्रेशर वॉशर असेल तर नोझल दीड फूट तरी लांब ठेवा आणि रुंद फवारा वापरा. रंगाचा टवका उडालेल्या जागी जवळून मारू नका. फोम गन असेल तर फेस मारून चार-पाच मिनिटं थांबा, तो वाळायच्या आत पाणी मारा. कोकणातून पावसाळ्यात आलेली गाडी असेल तर चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा आधी नीट भिजवा. तिथली तांबडी चिकण माती एका पाण्याने सुटत नाही, मऊ व्हायला वेळ द्या.

आता एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मिट शॅम्पूत बुडवून छतापासून खाली या: छत, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि अगदी शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. एक भाग झाला की मिट आधी साध्या पाण्यात पिळून काढा आणि मगच शॅम्पूत बुडवा. दाब द्यायचा नाही, मिटच्या स्वतःच्या वजनाने काम होतं. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. साधं पाणी गढूळ दिसलं की लगेच बदला. मिट जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नका. वाळूचे कण खाली बसावेत म्हणून बादलीच्या तळाशी ठेवायची जाळी मिळते. ती घेतलीत तर उत्तम, पण जाळीपेक्षा पाणी बदलत राहणं जास्त महत्त्वाचं.

शेवटचं पाणी मारल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, थेंब वाळले की पांढरे ठिपके राहतात आणि ते घासून काढताना पुन्हा चरे पडतात. अनेक घरांत आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला साठवतात. पाणी वाचवण्याची इच्छा चांगलीच आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. चाकांना आणि सुरुवातीच्या पाण्याला ते चालेल, शेवटच्या हाताला नको. टॉवेल पत्र्यावर पसरवा, हलकेच टेकवा, उचला. ठिपके पडलेच तर व्हाइट व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून ओल्या कापडाने मिनिटभर लावा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन काढा.

पाणीटंचाईत काय करायचं? रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. एक बादली पाण्यात बाटलीवर लिहिल्याइतकं टाकायचं, सात-आठ मायक्रोफायबर कापडं त्यात भिजवायची आणि प्रत्येक भागाला ताज्या कापडाची ताजी बाजू वापरायची. वापरलेलं कापड परत बादलीत जाता कामा नये. साध्या धुळीसाठी हे पुरेसं आहे, चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र नाही.

पक्ष्यांची विष्ठा नखाने किंवा टिश्यूने खरवडू नका. ओला टिश्यू दहा मिनिटं त्यावर ठेवा, मग अलगद उचला.

पडलेले चरे काढायचे तर

आधी नख फिरवून बघा. नख अडकलं तर चरा क्लियर कोटच्या पार खाली गेलेला असू शकतो. तो पॉलिशने जात नाही, टचअप (चऱ्यात तेवढाच रंग भरणं) किंवा रंगकामच लागेल. नख अडकलं नाही तर पुढे जा. मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश कधीच लावू नका, तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो कायमचा राहतो.

गाडी धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर रंगाला चिकटलेले कण आहेत, ते क्ले बारने (कण ओढून घेणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीने) निघतात. क्लेचा छोटा तुकडा चपटा करा, भरपूर लुब्रिकंट (क्ले घसरत राहावा म्हणून मारायचं द्रावण) फवारा आणि हलक्या हाताने सरळ फिरवा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर टाकून द्या, त्यात रुतलेली वाळू निघत नाही. क्लेनेही अगदी बारीक रेघा उठू शकतात, म्हणून तो पॉलिशच्या आधी वापरायचा.

पॉलिशला एकच नियम मनापासून पाळा: सर्वांत सौम्य साधनाने सुरुवात. बोनेटवर दीड फूट चौरसाचा तुकडा निवडा. मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश (सर्वांत कमी घासणारं) लावून बघा. चरे गेले तर पूर्ण गाडीला तेवढंच करा. नाही गेले तरच जास्त कापणारा पॅड किंवा कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट) घ्या. आपल्याकडे ‘रबिंग करून देतो’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी थेट जाड कंपाउंड आणि रोटरी मशीन (पॅड नुसता गोल फिरवणारं) लागतं. गाडी त्या दिवशी झळकते, पण थर गरजेपेक्षा जास्त गेलेला असतो आणि उन्हात रोटरीचे नवे गोल व्रण दिसू लागतात. नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचा पॅड फिरतो आणि थरथरतोही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते.

कडांवर, बोनेटच्या उंचवट्यांवर आणि दारांच्या घड्यांवर रंग पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकलाही टेप लावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या, सर्वांत कमी वेगावर पसरवा, मग वेग वाढवून आधी आडवे आणि मग उभे हात मारा. मशीन सावकाश सरकवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पॅड सपाट ठेवा. दर भागानंतर पॅड ब्रशने साफ करा.

काही पॉलिशमधलं तेल चरे भरून काढतं आणि दोन-तीन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. खरं काय झालं ते बघायला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी मिसळून तो तुकडा पुसा आणि टॉर्च लावा. सगळा चरा घालवायचा हट्ट नको. ऐंशी-नव्वद टक्के गेले की थांबणं शहाणपणाचं, उरलेला क्लियर कोट पुढच्या वर्षांसाठी हवा आहे.

मशीन नसेल तर फोमच्या अ‍ॅप्लिकेटरने हातानेही अगदी बारीक रेघा कमी होतात, पण अख्ख्या गाडीला हा उद्योग दमवणारा आहे. बोनेटपुरतं करा.

वॅक्स

साधं वॅक्स चरे काढत नाही, झाकतं आणि रंगावर संरक्षक थर देतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. आपल्या उन्हात ते महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्याच जागी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, त्याहून बरंच जास्त टिकतो, म्हणून रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सीलंटच सुचवेन. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेल्या डब्यात घासणारे कणही असतात, ते वरचेवर लावायचं नाही. सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा कडक संरक्षक थर) केलेल्या गाडीवरही चुकीच्या पुसण्याने चरे पडतात.

थर जितका पातळ तितका चांगला. जाड थराचा काही उपयोग नाही, फक्त पुसताना जोर लागतो, आणि जोर लागला की रेघा आल्या. वॅक्स धुरकट झालं की बोट फिरवून बघा. बोटाखाली रंग स्वच्छ दिसला तर स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायला घ्या. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर मात्र गॅरेजवाल्याने सांगितलेला काळ, साधारण महिना-दोन महिने, वॅक्स लावू नका. सीलंट मेअखेरीस, पावसाआधी, आणि एकदा दिवाळीनंतर लावलं तर वर्ष चांगलं निघतं.

कापडं सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुती धागे त्यांत अडकतात. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने तंतूंवर थर बसतो आणि कापड पाणी टिपेनासं होतं. कडेला शिवलेलं कंपनीचं लेबल कापून टाका, तेही ओरखडतं. रंगाची, चाकांची आणि वॅक्सची कापडं वेगवेगळ्या रंगांची घ्या, आणि गाडी पुसणाऱ्या दादांनाही ते रंग सांगून ठेवा.